पौरुषाचा अर्क

दर दिवाळीला या पानावर एका शब्दाची विचारपूस करायची, हा माझा जुना परिपाठ. बहुतेक वेळी शब्द घरचाच असतो. यंदाचा मात्र परदेशातून आलेला पाहुणा आहे, आणि तो असा आला की आता घरच्यासारखाच वावरू लागला आहे. टेस्टोस्टेरॉन! व्यायामशाळेच्या दारावर तो दिसतो, औषधांच्या दुकानातल्या डब्यांवर दिसतो, मोबाइलवरच्या जाहिरातींत तर जिकडे पाहावे तिकडे दिसतो. ज्या विद्यार्थ्यांच्या तोंडून 'संप्रदान' हा शब्द धड निघत नाही, ते हा पाच अक्षरांचा जोडाक्षरी शब्द जराही न अडखळता उच्चारतात, तेव्हा मराठीच्या मास्तराला थोडा मत्सर वाटतो खरा.

विषय कळल्यावर आमच्या घरातून हरकत आलीच. "अहो, दिवाळी अंक घरातली सगळी माणसे वाचतात!" मी म्हटले, "म्हणूनच लिहितो." जो विषय घरातली सगळी माणसे मिळून वाचत नाहीत, तो मुले कोपऱ्यात जाऊन भलत्यांकडून शिकतात. तेव्हा ज्येष्ठांनी थोडा धीर धरावा आणि हे पान पुढे वाचावे.

प्रथम शब्दाची फोड. लॅटिनमध्ये 'टेस्टिस' म्हणजे वृषण. त्यापुढे 'स्टेरॉल' या रासायनिक कुळाचे नाव आणि शेवटी 'कीटोन' या दुसऱ्या कुळाची शेपटी. 1935 साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बैलांच्या, म्हणजे नेमके बोलायचे तर वळूंच्या, वृषणांतून हा पदार्थ शुद्ध रूपात वेगळा काढला आणि त्याचे हे बारसे केले. सुमारे शंभर किलो वृषणांतून त्यांच्या हाती दहा मिलिग्रॅम एवढाच पदार्थ लागला. नाव म्हणजे केवळ रसायनाचा पत्ता. त्या नावात पराक्रम नाही, मिशीला पीळ नाही, छातीचे माप नाही. हे सारे आपण नंतर त्याला चिकटवले.

पण पदार्थाचे नाव नवे असले तरी त्याची करामत आपल्या शेतकऱ्याला हजारो वर्षे ठाऊक आहे. गोऱ्हा, खोंड, वळू आणि बैल या चार शब्दांत मराठीने शरीरशास्त्राचा एक धडाच लिहून ठेवला आहे. मस्तवाल खोंड खच्ची केला की त्याचा जुवाखाली चालणारा शांत बैल होतो, एवढे कळायला त्याला प्रयोगशाळा लागली नाही. हाच 'खच्ची' शब्द पुढे अग्रलेखांत शिरला. आता संघाचे खच्चीकरण होते, कर्मचाऱ्यांचे खच्चीकरण होते. गोठ्यातला शब्द कचेरीत आला, आणि येताना एक समजूत बरोबर घेऊन आला, ती अशी की माणसाचे सारे धैर्य त्या एका अवयवात साठवलेले असते.

या समजुतीतले खरे किती आणि भर किती, हे तपासण्याची सुरुवात एका कोंबड्यापासून झाली. एका नव्हे, सहा कोंबड्यांपासून. 1849 साली जर्मनीतल्या ग्योटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टोल्ड नावाच्या प्राध्यापकाने सहा तरण्या कोंबड्यांवर शस्त्रक्रिया केल्या. ज्यांचे वृषण काढले त्यांचा तुरा खुरटला, बांग नीट फुटेना, झुंजण्याची हौस गेली. मग काही कोंबड्यांच्या पोटात त्याने वृषण पुन्हा ठेवून दिला. मूळ जागी नव्हे, नसांना जोडून नव्हे, नुसताच पोटात. आणि त्या कोंबड्यांचा तुरा लालबुंद वाढला, बांग खणखणीत झाली, कोंबड्यांमागे धावणे आणि प्रतिस्पर्ध्यांशी भांडणे यथास्थित चालू झाले. बेर्टोल्डने अनुमान काढले की नसांचा संबंध तुटलेला असताना हा परिणाम होतो, त्या अर्थी वृषणातून काहीतरी रक्तात उतरते आणि रक्तावाटे सर्व शरीरभर जाते. पुढे 1905 मध्ये लंडनच्या स्टार्लिंगने अशा रक्तावाटे फिरणाऱ्या निरोप्यांना 'हॉर्मोन' हे नाव दिले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ चेतवणारा. आपण त्याला 'संप्रेरक' म्हणतो, आणि हा शब्द मला मूळ शब्दाहूनही आवडतो.

हा निरोप्या करतो तरी काय? त्याचे काम जन्माच्या कितीतरी आधी सुरू होते. गर्भ सहा आठवड्यांचा होईपर्यंत मुलगा काय नि मुलगी काय, दोघांची घडण एकसारखीच असते. नंतर ज्याच्याजवळ 'वाय' गुणसूत्र आहे त्याच्या त्या गुणसूत्रावरचे एक जनुक जागे होते, वृषणाची घडण सुरू होते, आणि आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमाराला तेथून टेस्टोस्टेरॉन स्रवू लागते. त्याच्या सांगण्यावरून मुलाचे अवयव मुलासारखे घडतात. जन्मानंतर काही महिने त्याची एक लहानशी लाट येऊन जाते, आणि मग तो आठ-दहा वर्षे जवळजवळ स्वस्थ झोपतो. बाराव्या-तेराव्या वर्षाच्या आगेमागे तो उठतो, आणि घरात एके दिवशी "कोण बोलतेय?" म्हणून आई दचकते. स्वरतंतू लांब आणि जाड होतात, कंठमणी पुढे येतो, मिसरूड फुटते, खांदे भरतात. हाडांच्या पोकळीतल्या मज्जेला अधिक तांबड्या पेशी बनवण्याचा हुकूम सुटतो. प्रौढ पुरुषाच्या रक्तात हिमोग्लोबिन स्त्रीपेक्षा थोडे जास्त असते, त्यातही मोठा वाटा याचाच. स्नायू, हाडे, शुक्रजंतूंची निर्मिती, कामेच्छा, आणि पुढे टक्कल सुद्धा! टाळूवरच्या केसांची मुळे ज्याला बळी पडतात, तो याच टेस्टोस्टेरॉनपासून बनलेला एक जहाल भाऊ आहे.

एवढा कारभार करणाऱ्या या गृहस्थाचा आकार किती? निरोगी पुरुषाचे शरीर दिवसाकाठी सुमारे पाच ते सात मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार करते. तांदळाच्या एका दाण्याचे तीन-चार तुकडे केले, तर त्यातल्या एका तुकड्याएवढे याचे वजन. कोणत्याही एका क्षणी सबंध रक्तात मिळून मिलिग्रॅमचे काही शतांश, बस्स. 1931 साली आडोल्फ बुटेनान्ट या जर्मन शास्त्रज्ञाला याच्याच एका भाईबंदाचा शोध घ्यायचा होता, तर त्याने बर्लिनच्या पोलिसांचे पंधरा हजार लिटर मूत्र जमवले. आपल्या सोसायटीत पाण्याचा दहा हजार लिटरचा टँकर येतो, त्याच्या दीडपट! आणि त्यातून मिळाला केवळ पंधरा मिलिग्रॅम पदार्थ. पुढे 1935 मध्येच बुटेनान्टने आणि झुरिकच्या लेओपोल्ड रुझिका यांनी स्वतंत्रपणे टेस्टोस्टेरॉन कृत्रिम रीतीने तयार केले, तेही कोलेस्टेरॉलपासून. 1939 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. ज्या कोलेस्टेरॉलच्या नावाने आपण दिवाळीत चकलीची बशी दूर सारतो, त्याचाच हा वंशज आहे हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल.

आता या विषयातली सर्वांत मजेची गोष्ट. हा 'पुरुषी' रस स्त्रीच्याही शरीरात असतो. बीजांडकोश आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी तो तयार करतात. पुरुषाच्या रक्तात डेसिलिटरमागे साधारण तीनशे ते हजार नॅनोग्रॅम, तर स्त्रीच्या रक्तात पंधरा ते सत्तर. प्रमाण थोडे, पण महिन्याचे बहुतेक दिवस तिच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन तिच्या मुख्य स्त्री-संप्रेरकाहून वजनाने अधिकच भरते. इतकेच नव्हे, स्त्री-संप्रेरक, ज्याला इस्ट्रोजेन म्हणतात, ते शरीरात बनते तेच मुळी अशा पुरुषी रसांपासून. ज्या मुलींच्या अंगी याचे प्रमाण वाढते, त्यांच्या हनुवटीवर केस येतात, पाळी लांबते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या शंभर स्त्रियांत सहा ते तेरा जणींना ही तक्रार असते. त्या मुलीला आरशापुढे रडायला लावण्याऐवजी वैद्याकडे न्यावे, हे सांगायला खरे तर कोणा लेखकाची गरज नसावी. ती काही कमी मुलगी झालेली नसते. जो रस सर्व मुलींत असतो, तो तिच्यात थोडा जास्त झालेला असतो, एवढेच.

आणि उलट बाजू ऐका. पुरुषाचे हाड कशाने पक्के होते? आपण म्हणू, पुरुषी रसाने. 1994 साली अमेरिकेतल्या वैद्यांनी एका अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होते, परंतु इस्ट्रोजेनचा निरोप ऐकणारे यंत्र त्याच्या शरीरात जन्मतःच बिघडलेले होते. परिणाम असा की त्याची उंची 204 सेंटिमीटर झाली होती आणि अजून वाढतच होती. हाडांची टोके मिटलीच नव्हती, आणि हाडे वृद्धेसारखी विरळ झाली होती. म्हणजे पुरुषाची उंची वेळेवर थांबते आणि त्याचा सांगाडा मजबूत राहतो, तो त्याच्याच टेस्टोस्टेरॉनमधून बनलेल्या स्त्री-संप्रेरकाच्या कृपेने! अर्धनारीनटेश्वराची मूर्ती घडवणाऱ्यांना हे रसायन ठाऊक नव्हते, पण ठाऊक झाले असते तर त्यांना फारसे नवल वाटले नसते.

इतके सर्व असूनही, या पदार्थाला जी कीर्ती लाभली ती हाडांमुळे नव्हे आणि रक्तामुळेही नव्हे. ती लाभली ययातीमुळे. महाभारतातल्या त्या राजाने म्हातारपण अंगावर येताच आपल्या मुलाकडे तारुण्याची मागणी केली. त्याचे वंशज सर्व देशांत आहेत. शार्ल एदुआर ब्राउन-सेकार्ड हा मॉरिशसमध्ये जन्मलेला, मज्जासंस्थेच्या अभ्यासात नावाजलेला शास्त्रज्ञ. 1889 च्या जून महिन्यात, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्याने पॅरिसच्या विद्वत्सभेत उभे राहून सांगितले की कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क मी स्वतःला टोचून घेतला आहे, आणि मी पुन्हा तरुण झालो आहे. जिने भराभर चढतो, तासन् तास उभा राहून काम करतो, हाताची पकड वाढली आहे. बातमी जगभर पसरली, अर्काच्या बाटल्यांचा बाजार सुरू झाला.

मौज अशी की त्या अर्कात काहीच नव्हते. टेस्टोस्टेरॉन पाण्यात फारसे विरघळत नाही, आणि वृषण ते तयार करतो तसे लगेच रक्तात सोडतो, साठवून ठेवत नाही. 2002 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याच कृतीने अर्क करून मोजमाप घेतले, तेव्हा त्यातले टेस्टोस्टेरॉन इतके क्षुल्लक निघाले की त्याचा शरीरावर काही परिणाम होणे शक्यच नव्हते. मग म्हातारा जिने चढला तो कशाच्या बळावर? शब्दाच्या. त्याला टोचले गेले होते पाणी, चढले होते ते नाव.

येथे मराठीच्या मास्तराचे कान टवकारतात. कारण हीच गोष्ट आपल्या काळात प्रयोगानेही दिसून आली आहे. 2010 मध्ये झुरिकच्या संशोधकांनी शंभराहून अधिक स्त्रियांना एक खेळ खेळायला लावला. एकीने मिळालेल्या पैशांची वाटणी सुचवायची, दुसरीने ती मान्य करायची किंवा धुडकावायची. धुडकावली तर दोघींनाही काही नाही. खेळाआधी काहींना टेस्टोस्टेरॉनची मात्रा दिली होती, काहींना नुसतेच निरुपद्रवी औषध, आणि कोणाला काय दिले हे कोणालाच सांगितले नव्हते. ज्यांना खरोखर टेस्टोस्टेरॉन मिळाले होते, त्यांनी अधिक न्याय्य वाटणी सुचवली. आणि ज्यांना आपल्याला ते मिळाले आहे असे नुसते वाटत होते, त्या अधिक अप्पलपोटेपणाने वागल्या! रस माणसाला समोरच्याचा विचार करायला लावत होता, आणि रसाचे नाव गुंडगिरी शिकवत होते. एका प्रयोगावरून सिद्धांत उभारू नये हे मलाही कळते. पण वर्गात ज्या पोराला सर्वांनी 'दांडगा' म्हटले तो हळूहळू दांडगा होत गेलेला मी अनेकदा पाहिला आहे, त्यामुळे मला या निकालाचे फारसे आश्चर्य वाटले नाही.

भांडखोरपणा टेस्टोस्टेरॉनने येतो, हे कोंबड्याच्या बाबतीत पुष्कळसे खरे, पण माणसाच्या बाबतीत हा धागा फार बारीक आहे. उलट कित्येकदा कार्य आधी आणि कारण मागाहून असा प्रकार दिसतो. 1994 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने इटलीला हरवले. तेव्हा अमेरिकेत दूरचित्रवाणीपुढे बसून सामना पाहणाऱ्या काही प्रेक्षकांची लाळ तपासली गेली, तर ब्राझीलच्या चाहत्यांचे टेस्टोस्टेरॉन वाढले होते आणि इटलीच्या चाहत्यांचे उतरले होते. या मंडळींनी चेंडूला पायही लावला नव्हता. क्रिकेटचा सामना जिंकल्यावर आपल्या चाळीतले साठीचे काका जिन्यावर फटाके लावायला का धावतात, त्याचा काही उलगडा यातून होण्यासारखा आहे.

नावाचे हे बळ कोणत्या थरापर्यंत जाते, ते मी जवळून पाहिले. आमच्या महाविद्यालयातला एक जुना विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी मला भेटायला आला. वर्गात असताना सडपातळ, लाजरा, चांगल्या कविता करणारा. आता शर्टाच्या बाह्या दंडावर तटतटलेल्या. इकडचे तिकडचे बोलून झाले, पण तो उठेना. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "सर, तुमच्याजवळ बोलायचे होते. घरी बोलता येत नाही."

लग्नाला चार वर्षे झाली होती, मूल नव्हते. त्याच्या आईने सुनेकडून सोळा सोमवार करवले, दोन ठिकाणी नवस बोलून झाले, तीन डॉक्टर झाले. तिन्ही वेळा तपासणी तिचीच. "आणि तुझी?" मी विचारले. तो ओशाळून म्हणाला, "माझी तब्येत बघून सगळेच म्हणायचे, याच्यात काय दोष असणार!" चौथ्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी फाइल मिटली आणि आधी नवऱ्याची तपासणी करून आणा असे सांगितले. अहवाल आला. शुक्रजंतू शून्य. बाईंनी त्याच्या दंडांकडे एकदा पाहिले आणि सरळ विचारले, "इंजेक्शने किती वर्षे घेता?"

लग्नाआधीपासून तो व्यायामशाळेत मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेत होता. "मर्द बनायचे असेल तर लागतेच," असे त्याला सांगण्यात आले होते.

हे असे का होते, ते समजायला आपल्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे आणावी. मेंदूच्या तळाशी पियूषिका नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी आहे. ती आमचा पहारेकरी. रक्तातले टेस्टोस्टेरॉन उतरले की ती वृषणांना निरोप धाडते, पंप चालू करा. भरले की निरोप थांबतो. आता एखाद्याने रोज बाहेरून टँकर आणून टाकी काठोकाठ भरली तर? पहारेकरी टाकी पाहतो, भरलेली दिसते, तो पंप लावतच नाही. महिनोन् महिने न लावलेला पंप गंजतो. आणि शुक्रजंतू तयार व्हायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त लागते. ते बाहेरच्या टँकरने तेथे पोहोचत नाही, ते जागच्या जागीच पाझरावे लागते. म्हणजे वर टाकी ओसंडून वाहते आहे आणि खाली विहीर कोरडी! वृषण आक्रसतात, शुक्रजंतू थांबतात. शिवाय जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचे शरीर इस्ट्रोजेन करून टाकते, त्यामुळे छातीवर स्त्रीसारखा उभार येऊ शकतो. रक्त दाट होते ते वेगळेच. ज्या नावासाठी एवढा खटाटोप केला, त्याची ही अशी परतफेड.

ययातीने मुलाचे तारुण्य मागून घेतले होते. माझ्या विद्यार्थ्याने न जन्मलेल्या मुलाकडूनच उसने घेतले. पण मला सर्वांत जास्त टोचले ते दुसरेच. चार वर्षे उपास एकीने केले होते, आणि इंजेक्शने दुसऱ्याने घेतली होती. तो म्हणाला, "सर, आईला काय सांगू?" मी म्हटले, "जे डॉक्टरांनी सांगितले तेच, आणि बायकोच्या देखत सांग." त्याने तसे सांगितले. आई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला सोमवारी फराळाऐवजी जेवायला वाढले. माफी मागण्याची आपल्या घरांतली हीच रीत आहे.

इंजेक्शने बंद केल्यावर बहुतेकांचे शरीर पूर्वपदावर येते. कोणाला काही महिने लागतात, कोणाला वर्ष-दोन वर्षे, आणि काहींना पुन्हा औषधांची मदत घ्यावी लागते. मधला काळ अवघड असतो. पंप सुरू झालेला नाही आणि टँकर बंद, त्यामुळे गळून गेल्यासारखे होते, मन उदास होते. हा काळ त्याने डॉक्टरांच्या नजरेखाली काढला. अहवालातले शून्य आता गेले आहे, एवढे त्याने मला परवा फोनवर सांगितले. दंड थोडे उतरले आहेत, आणि एक नवी कविता पाठवली आहे. कविता ठीक आहे.

याचा अर्थ हे औषध वाईट असा कोणी घेऊ नये. ज्यांच्या वृषणांत वा पियूषिकेत खरोखर बिघाड आहे, ज्या मुलाचे वय सोळा-सतरा झाले तरी वयात येण्याचे चिन्ह नाही, त्यांना ते वरदान ठरते, आणि लाजेपायी त्यांनी त्यापासून दूर राहणे हाही अन्यायच. पण त्याची रीत आहे. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असते आणि दिवसभरात उतरते, म्हणून रक्त सकाळी तपासायचे, तेही दोन वेगवेगळ्या दिवशी, आणि लक्षणे असतील तरच. तिशी-चाळिशीनंतर वर्षाला सुमारे एक टक्का या गतीने ते कमी होत जाते. हा रोग नव्हे, हे वय. अमेरिकेत पासष्टीपुढच्या, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या 790 पुरुषांना वर्षभर औषध देऊन पाहिले गेले. 2016 नंतर जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांत कामेच्छा काहीशी वाढली, हाडे थोडी भरली, पण स्मरणशक्तीत काडीचा फरक पडला नाही. 2023 मध्ये पाच हजारांहून अधिक पुरुषांवरच्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत हे दिसले, मात्र हृदयाची अनियमित धडधड आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी हे प्रकार थोडे जास्त आढळले. थोडक्यात, गरज असेल त्याला औषध, नसेल त्याला जोखीम. ययातीला कोणतीच बाटली पुरणार नाही.

शेवटी पुन्हा माझ्या शब्दांकडे येतो. घोटाळ्याचे मूळ आपल्या भाषेत आहे. 'वीर्य' या शब्दाचा एक अर्थ पराक्रम आणि दुसरा शुक्र. एका शब्दाने दोन्ही सांगितले, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटले. 'मर्द' हा फारसीतला साधा शब्द, अर्थ केवळ पुरुष. आपण त्याची पदवी केली आणि ती परीक्षा देऊन मिळवायला लावली. आणि जो नवरा मूल खेळवतो, कणीक मळतो, त्याच्यासाठी एक हिणकस शब्द तयार ठेवला, 'बायल्या'.

या शब्दाचे काय करायचे ते फिलिपाइन्समधल्या सेबू शहराने सांगितले आहे. तेथील 624 तरुणांचे टेस्टोस्टेरॉन आधी मोजले, आणि साडेचार वर्षांनी पुन्हा मोजले. मधल्या काळात जे बाप झाले त्यांचे टेस्टोस्टेरॉन इतरांपेक्षा बरेच जास्त उतरलेले आढळले. 2011 साली हे प्रसिद्ध झाले. आणखी एक गोष्ट दिसली, की रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलाची काळजी घेणाऱ्या बापांचे ते सर्वांत कमी होते. हा आजार नव्हता, ही शरीराची समज होती. जोडीदार मिळवण्याची झुंज संपली, आता मांडीवर घ्यायचे दिवस आले, हे शरीराने ओळखले आणि निरोप बदलला. लक्षात घ्या, सुरुवातीला ज्यांचे टेस्टोस्टेरॉन जास्त होते तेच पुढे बाप होण्याची शक्यता अधिक होती. म्हणजे एकाच पुरुषाच्या अंगी दोन्ही गोष्टी असतात, झुंजण्याची आणि जोजवण्याची. मूल खेळवणारा बाप बाईसारखा होत नाही, तो पुरुषाचेच काम करत असतो, आणि त्याचे रक्त त्याला साथ देत असते. हे आमच्या घरी वाचून दाखवले, तर पुढची कणीक मळण्याची पाळी माझ्यावर आली. संशोधनाचा असा तात्काळ उपयोग मी दुसरा पाहिला नाही.

यंदा नरकचतुर्दशीच्या पहाटे कितीतरी घरांत एखाद्या पोराचा आवाज मध्येच चिरकेल, आणि पाटाभोवतीची मंडळी हसतील. हसावे, पण नंतर बापाने त्याला जवळ बसवावे. त्याला सांगावे की हे जे चालले आहे ते सर्वांचे होते, याची घाई करायची नसते आणि याचे विकतचे औषध नसते. तुझ्या अंगात जो रस उतरतो आहे तो तुला आवाज देईल, मिशी देईल, बळ देईल. त्या आवाजात कोणाशी काय बोलायचे आणि त्या बळाने काय उचलायचे, हे मात्र त्याच्या हाती नाही. ते शिकवायला बाप लागतो, आणि ते शिकवताना त्याच्या मांडीवर धाकटी लेक असली तरी काही बिघडत नाही.